विषय: ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारचे आशिया-धोरण आणि खासदारांना पाठवायचे पत्र

मेलबर्न, ८ सप्टेंबर २००८

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

परवा, ६ सप्टेंबरला, व्हिएन्नामध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापाराच्या नियमांतून सूट दिली आणि तिला ऑस्ट्रेलियानेही पाठिंबा दिला, हे आपण सर्वांनी आनंदाने वाचले असेल. मला मात्र त्या आनंदात एक गोष्ट सलते आहे. भारताशी अणुव्यापार करण्यास हरकत नाही असे ज्या सरकारने व्हिएन्नात मान्य केले, तेच सरकार स्वतःच्या खाणींतले युरेनियम भारताला देण्यास तयार नाही. परराष्ट्रमंत्री स्टीफन स्मिथ यांनी जानेवारीत पर्थमध्ये भारताच्या पंतप्रधानांचे विशेष दूत श्याम सरन यांना तसे स्पष्ट सांगितले, आणि आधीच्या हॉवर्ड सरकारने ऑगस्ट २००७ मध्ये घेतलेला, भारताला युरेनियम विकण्याचा निर्णय सत्तांतरानंतर दोन महिन्यांच्या आत मोडीत निघाला.

याच्या जोडीला ५ फेब्रुवारीचे कॅनबेरातले दृश्य आठवावे. चीनचे परराष्ट्रमंत्री यांग जिएची शेजारी उभे होते, आणि अमेरिका, जपान, भारत व ऑस्ट्रेलिया या चौघांच्या संवादाचा प्रस्ताव आपण पुन्हा मांडणार नाही, असे स्मिथ पत्रकारांना सांगत होते. हा निर्णय घेण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, परंतु तो कोणाच्या शेजारी उभे राहून जाहीर केला, यालाही राजनीतीत अर्थ असतो. एप्रिलमधल्या पंतप्रधानांच्या मोठ्या दौऱ्यात अमेरिका, युरोप आणि चीन होते, जपान नव्हता. जपानला ते जूनमध्ये गेले, भारतात पंतप्रधान म्हणून अद्याप गेलेले नाहीत.

माझे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीस होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हापासून इंधन येणार की नाही हा आमच्या घरी जेवणाच्या पानावरचा रोजचा विषय होता. वडील घास हातात धरून गप्प बसत, आणि आई आमटीचे भांडे तसेच हातात घेऊन थांबत असे. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सशी करार झाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुरवठादाराने दिलेला शब्द फिरवला म्हणजे काय होते, हे आम्ही असे पाहिले आहे. म्हणून मंडळाने आपापल्या खासदारांना पत्र लिहावे, आणि हे सरकार चीनला झुकते माप देत आहे असे त्यात स्वच्छ म्हणावे, अशी माझी सूचना आहे.

आपली नम्र,
मेलबर्नची एक सभासद

•

कॅनबेरा, ९ सप्टेंबर २००८

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. तारापूरची आठवण मनाला भिडली. पत्र पाठवावे याबद्दल दुमत नाही; मात्र झुकत्या मापाचे वाक्य त्यात असू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही.

अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही नसलेल्या देशाला युरेनियम विकायचे नाही, हा रड यांच्या मजूर पक्षाचा जुना नियम आहे. एप्रिल २००७ च्या पक्षाधिवेशनात युरेनियमच्या नव्या खाणींवरची बंदी उठली, पण ही अट तशीच राहिली. चीनशी युरेनियमचा करार एप्रिल २००६ मध्ये हॉवर्ड यांच्याच सरकारने केला, आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर दिल्लीतून आपला उच्चायुक्त माघारी बोलावणारे सरकारही हॉवर्ड यांचेच होते. एक पक्ष भारताचा मित्र आणि दुसरा चीनचा, अशी वाटणी इथे चालत नाही. चौघांच्या संवादाविषयी म्हणाल तर त्याचा पुरस्कार करणारे जपानचे पंतप्रधान आबे सप्टेंबर २००७ मध्येच पायउतार झाले होते आणि दिल्लीलाही त्याचा फारसा उत्साह नव्हता. जानेवारीत मनमोहन सिंग स्वतः बीजिंगला जाऊन आले, तेव्हा चीनला घेरणाऱ्या कोणत्याही प्रयत्नात भारत नाही, हेच त्यांनी सांगितले.

रड यांना चिनी भाषा येते म्हणून ते चीनचे मिंधे आहेत, हा समज तर मला अन्यायाचा वाटतो. एप्रिलमध्ये पेकिंग विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर उभे राहून, त्यांच्याच भाषेत, तिबेटमध्ये मानवी हक्कांचे गंभीर प्रश्न आहेत असे ते म्हणाले. हिताचे असेल ते कटू असले तरी तोंडावर सांगणारा मित्र, या अर्थाचा ‘झेंगयौ’ हा जुना चिनी शब्द त्यांनी त्यासाठी निवडला. यजमानाच्या घरात, यजमानाच्या भाषेत असे बोलायला धैर्य लागते.

खरी अडचण नियमाच्या मुळाशी आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने स्फोट केला, तोच या कराराच्या दृष्टीने अण्वस्त्रधारी देश. चीनचा स्फोट १९६४ चा, म्हणून तो आत. भारताचा १९७४ चा, म्हणून तो कायमचा बाहेर. चीन स्वतः करारात सामील झाला तो १९९२ मध्ये. आजचा भारत कसा वागतो, त्याने चाचण्यांवर स्वतःहून घातलेली बंदी पाळली की नाही, यातले काहीही त्या तारखेला दिसत नाही. चीनशी आजच्या वास्तवाला धरून वागायचे आणि भारताला चाळीस वर्षांपूर्वीच्या मसुद्यातल्या तारखेने मोजायचे, ही नव्या सरकारच्या धोरणातली खरी विसंगती आहे. तिच्यावर बोट ठेवले तर खासदाराला उत्तर द्यावे लागेल. पक्षपाताचा आरोप केला तर तो सहज झटकून टाकता येईल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निःशस्त्रीकरणाची चळवळ या देशात मनापासून चालवणारी माणसे मजूर पक्षात आहेत, आणि इथल्या वाळवंटात ब्रिटनने केलेल्या चाचण्या ती विसरलेली नाहीत. त्यांच्या श्रद्धेला ढोंग म्हणू नये.

आपला,
कॅनबेराचा एक ज्येष्ठ सभासद

•

मेलबर्न, ९ सप्टेंबर २००८, रात्री

आदरणीय काका, सादर नमस्कार.

१९९८ मध्ये उच्चायुक्त परत बोलावल्याचे माझ्या ध्यानातून गेले होते. झुकत्या मापाचे वाक्य मी काढले आहे. तरीही ५ फेब्रुवारीच्या त्या प्रसंगाबद्दलचे माझे मत बदललेले नाही, फक्त ते या पत्रात नको, हे मान्य. मसुद्याचा मुख्य परिच्छेद आता असा आहे:

“व्हिएन्नामध्ये आपल्या सरकारने भारताला सूट देण्यास संमती दिली, म्हणजे इतर देशांनी भारताला युरेनियम विकण्यास आपली हरकत नाही. मग तेच युरेनियम अॅडलेडच्या बंदरातून, आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या अटींसह, का जाऊ नये, याचे कारण आम्हाला लेखी कळवावे.”

देखरेखीच्या अटींची भाषा आपण एकदा तपासून द्यावी. गुरुवारी रात्रीपर्यंत हरकत न आल्यास शुक्रवारी सकाळी मी हे पत्र सर्व शाखांना सह्यांसाठी पाठवीन.