बेडकाच्या टेरॅरियमला सारखा वास येतोय, मदत हवी आहे

घरी एक व्हाइट्स ट्री फ्रॉग आहे, उभ्या काचेच्या टेरॅरियममध्ये. खाली कोकोपीट, दोन-तीन फांद्या, पाण्याचं पसरट भांडं. शी दिसली की लगेच उचलतो, पाणी रोज बदलतो, काच ओल्या टिश्यूने पुसतो, तरी काही दिवसांनी दार उघडलं की कुबट वास येतोच. मग सगळं बाहेर काढून गरम पाण्याने धुवायचं, नवीन कोकोपीट भरायचं आणि एवढं झालं की बेडूकराव कोपऱ्यात रुसून बसणार, समोर किडा नाचला तरी ढुंकून बघत नाहीत!

साबण, फिनाइल काहीही वापरत नाही, कारण हे लोक पाणी पितात तेच मुळी कातडीतून, काचेवर जे राहील ते थेट अंगात. नळाच्या पाण्यातही वॉटर कंडिशनर (क्लोरीन-क्लोरामाइन निष्प्रभ करणारं औषध) टाकतो, नुसतं रात्रभर ठेवून क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करायला टाकतात ते रसायन) जात नाही म्हणून. मग वास येतोय कुठून? कोणी म्हणतं स्प्रिंगटेल (मातीतले अगदी बारीक किडे) आत सोड, सफाई विसर, कोणी म्हणतं कोकोपीट काढून नुसता टिश्यू पेपर अंथर. टिश्यू म्हणजे अगदीच दवाखाना वाटतो राव.

प्रतिसाद १: तळात पाणी साचतंय बहुतेक. खालचं कोकोपीट मुठीत दाबून बघा, पाणी टपकलं तर फार ओलं आहे, हवा पोचत नाही आणि ते सडतं. खाली क्ले बॉल्सचा (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा) थर, त्यावर बारीक जाळी, मग कोकोपीट. फवारणीही कमी करा, या जातीला ५०-६० टक्के आर्द्रता पुरते. न खाल्लेले किडे मरून कुठे अडकलेत का तेही बघा.

प्रतिसाद २: स्प्रिंगटेल बुरशी खातात, पण एवढ्या धष्टपुष्ट बेडकाची शी त्यांच्याच्याने आवरत नाही, ती उचलावीच लागते. टिश्यू पेपर नवीन किंवा आजारी बेडकासाठी बरा, शी नीट दिसते. आणि सफाईनंतर हात साबणाने धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो.

धागाकर्ता: भांड्याखालचं कोकोपीट दाबलं तर अक्षरशः धार लागली, वासही तिथलाच. क्ले बॉल्स आधी धुवायचे का?

प्रतिसाद १: हो, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत, साध्या पाण्याने. आणि आता भांडं काठोकाठ भरू नका, तो उडी मारतो तेव्हा अर्धं पाणी खालीच जातं.