चिखल्यांवरून पोटरीपर्यंत लाल सूज, ताप, आणि लाली पेनाच्या रेघेबाहेर गेलीय

लावणीकर:
नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितोय. बाबा गावी असतात, मालवणजवळ, वय 63, शुगर आहे. यंदा माणसंच मिळेनात म्हणून स्वतः लावणीला उतरले, आठ दिवस चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, त्या दरवर्षीच होतात म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, आई रात्री खोबरेल लावायची तेवढंच. परवा संध्याकाळी एकदम हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधान म्हणजे सुजलेली गाठ, आणि सकाळी बघतात तर घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय लालबुंद, गरम, कातडी ताणून चकचकीत. शेजारची काकी म्हणाली धावरं आहे, गेरू लावा. डॉक्टरांनी सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांचं इन्फेक्शन, सांगितलं, अँटिबायोटिक चालू केलं आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून दिली. आज चोवीस तास झाले, ताप उतरलाय पण लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेलीय!! मी पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर बघतोय, जीव थाऱ्यावर नाही. गोळी लागू पडत नाहीये का? आणि चिखल्या बोटात तर पोटरी कशी सुजली?

देवगडची_लेक:
आईला दोनदा झालंय हे. पहिल्या वेळी आम्हीही असेच घाबरलेलो. पाय खाली सोडून बसू देऊ नका, झोपवून खाली दोन उशा द्या, त्याने ठणका खूप कमी होतो. तेल लावून चोळायचं तर अजिबात नाही. आणि बाबा चिखलात होते हे डॉक्टरांना सांगितलंय ना? आपल्याकडे पावसात तापाला लेप्टोचाही (दूषित चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) विचार करतात.

सह्याद्री77:
माझ्या मुलाला मांडीला केसतूड झालेलं, सर्जननी छोटा चिरा देऊन पू काढला, दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं. तुम्ही पण चिरा देऊन घ्या, नुसत्या गोळ्यांवर कशाला थांबायचं?

त्वचा_ओपीडी:
मी स्किन डिपार्टमेंटला काम करते. @सह्याद्री77, तुमच्या मुलाचं बरोबरच केलं, पण इथे चिरा देऊन काही निघणार नाही, कारण मुळात दोन वेगळी प्रकरणं आहेत. केसतूड, गळू हे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकसचं काम. हा जंतू साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात गुपचूप राहत असतो, नखाने खाजवलं की केसाच्या मुळाशी पोचतो. तो आजूबाजूचं रक्त गोठवून स्वतःभोवती एक भिंत घालून घेतो, म्हणून पू एका जागी साठतो आणि गळू पिकतं. सेल्युलायटिसमध्ये बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकस असतो आणि त्याची रीत बरोबर उलटी, तो पेशींमधलं सिमेंट आणि गोठलेलं रक्त दोन्ही विरघळवत पुढे सरकतो. म्हणून पू नाही, कड स्पष्ट नाही, आणि रात्रीत पोटरी गाठतो.

@लावणीकर, धड कातडीतून हे जंतू सहसा आत जात नाहीत, तिचा वरचा थर कोरडा आणि किंचित आंबट असतो. आठ दिवस पाण्यात राहून बेचक्यातली कातडी पांढरी पडून फाटली, त्यात बुरशी, म्हणजे दरवाजा उघडाच. शुगरमुळे पायाला जाणीवही कमी असू शकते. जांघेतलं अवधान म्हणजे त्या पायाचा नाका आहे, जंतू वर चढताना तिथल्या गाठी त्यांना अडवतात म्हणून सुजतात.

आता रेघेचं. पहिल्या चोवीस तासांत लाली थोडी पुढे जाऊ शकते, जंतू मरताना पण सूज येते. ताप उतरला हे चांगलं लक्षण आहे. तरी फोटो आजच डॉक्टरांना पाठवा, आणि 48 तासांनी लाली वाढतीच असेल किंवा ताप परत आला तर ते सलाईनमधून औषध द्यायचं ठरवतील. दिसतंय त्यापेक्षा वेदना फार जास्त, कातडी जांभळी-काळी, पाण्याचे फोड, बाबा बरळायला लागले, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

गेरू कृपया नको. आत बरं होत नाहीच, वर लाली झाकली जाते आणि रेघ मारून उपयोग काय मग.

देवगडची_लेक:
आईला दुसऱ्यांदा झालं ते चिखल्यांमुळेच. मेडिकलमधून खाज जाते म्हणून मिक्स क्रीम आणलेलं, त्यात स्टिरॉइड होतं, खाज गेली, बुरशी तशीच.

त्वचा_ओपीडी:
हेच सांगायचं राहिलं. पायाची सूज उतरली तरी चिखल्यांचं औषध पूर्ण करा. दर वेळी सेल्युलायटिस होतो तेव्हा पायातल्या रसवाहिन्या थोड्या खराब होतात, मग पाय थोडा सुजलेलाच राहतो आणि पुढचं इन्फेक्शन सोपं होतं.

लावणीकर:
तिसऱ्या दिवसाचा अपडेट. लाली रेघेच्या आत आलीय, पोटरीची कातडी सुरकुतून सोलायला लागलीय, डॉक्टर म्हणाले गोळ्या पुऱ्या करा. शुगर 280 निघाली, ते औषधही बदललं. सगळ्यांचे मनापासून आभार. आता बाबा म्हणतात दोन कुणगे (भाताचे छोटे तुकडे) लावायचे राहिलेत, गमबूट घालून उतरू का?

त्वचा_ओपीडी:
नाही. बेचकं पूर्ण भरून येईपर्यंत गमबूटपण नको, आत घाम साचतो आणि कातडी तशीच भिजते. कुणगे कोणालातरी द्या लावायला.