अनुभव धागा: विद्यापीठाच्या कार्यालयात कामाचं वातावरण कशाने सुधारतं?

परीक्षा, आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, निवृत्ती बघणारा विभाग), वित्त, विद्यार्थी खिडकी अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेल्यांसाठी हा धागा. कोण कुणाला काय म्हणालं ते राहू द्या. कोणती रीत लावली की माणसं मोकळेपणाने काम करतात आणि ती रीत कुठे फसते, तेवढंच लिहा. वाढदिवसाचा केक आणि वार्षिक सहल सगळ्यांना ठाऊक आहे.

परीक्षा विभाग (प्रमाणपत्रं)

चुकांच्या वहीपासून सुरुवात करतो. प्रमाणपत्रावर नाव चुकलं की पहिला प्रश्न येतो, 'कुणी केलं?' उत्तर मिळतं, माणूस ओशाळतो आणि पुढची चूक दडवली जाते. वहीत चारच रकाने ठेवा: तारीख, चूक कुठे सापडली, आधीच्या कोणत्या टप्प्यातून निसटली, आता कामात काय बदललं. नावाचा रकाना नाही. चौथ्या रकान्यात 'समज दिली' लिहायला बंदी, कारण समज देऊन काम बदलत नाही.

एक नमुना. अर्जात 'निलिमा', छापील प्रतीत 'नीलिमा'. टंकलेखकाने शुद्ध लिहिलं म्हणूनच चुकलं! त्यालाच तपासायला दिलं तर त्याच्या डोळ्याला काही खटकणारच नाही. म्हणून एकाने अर्ज हातात धरून 'न ला पहिली वेलांटी' असं सुटं वाचायचं, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून बघायचं. साधारण ५० नावांनंतर अदलाबदल. त्यापुढे बोट आपोआप सरकायला लागतं.

वही सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत चुका वाढलेल्या दिसतात आणि वरिष्ठ दचकतात. दचकू नये. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. पहिल्या तिमाहीचा आकडा वार्षिक मूल्यमापनात वापरलात, तर वही त्याच दिवशी मेली म्हणून समजा.

वित्त विभाग

दोन विभागांत वैर पेरायचं असेल तर एकेक आक्षेप काढून फाइल तीनदा परत पाठवावी. पहिल्यांदा दरपत्रक नाही, दुसऱ्यांदा तरतुदीचा उल्लेख नाही, तिसऱ्यांदा सहीखाली तारीख नाही. आमच्याकडची रीत अशी: सगळे आक्षेप एकदाच, क्रमांक घालून, प्रत्येकापुढे नियमाचं कलम. दुसऱ्या फेरीत नवा आक्षेप निघालाच, तर तो आधी का दिसला नाही हे काढणाऱ्यानेच टिपणीत लिहायचं. ही एक अट लावली की पहिली तपासणी आपोआप नीट होते.

'चर्चा करावी' हा शेरा एकटा चालत नाही. कुणाशी, कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही हवं; नाहीतर ती फाइल कपाटात वयात येते. आणि टिपणीत विशेषणं नकोत. 'निष्काळजीपणे सादर केलेला प्रस्ताव' लिहिण्याऐवजी 'जोडपत्र ३ नाही' लिहा. तोंडी बोललेलं माणसं विसरतात. फाइलवरचं वाक्य पुढची १५-२० वर्षं कुणीतरी वाचत राहतं.

विद्यार्थी खिडकी

खिडकीवर सलग दोन तासांपेक्षा जास्त कुणाला बसवू नये. नंतर दोन तास मागच्या टेबलावर, जिथे समोर माणूस नसतो. चारजणांच्या खिडकीला पाचवा मोकळा लागतो, तो अडलेली प्रकरणं रांगेबाहेर घेऊन जातो. हा पाचवा नेहमी कागदावर असतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्या विभागाने पळवलेला असतो. तिथेच रीत कोसळते.

'उद्या या' बंद करा. चिठ्ठीवर तीन ओळी द्या: आवक क्रमांक, कागद कोणत्या टेबलावर आहे, कधी मिळेल. आरडाओरडा बहुतेक वेळा उशिरापेक्षा अंधारात ठेवल्याने होतो. तारीख देताना मात्र सरासरी सांगू नये. दहापैकी नऊ अर्ज जितक्या दिवसांत निघतात, तो आकडा सांगावा. सरासरी सांगितली तर बरेच लोक ठरल्या दिवशी रिकाम्या हाताने परततात आणि शिव्या खिडकीवरचा खातो.

शिवीगाळ झाली तर कर्मचाऱ्याने उठून मागे जायचं आणि पर्यवेक्षकाने त्याच खुर्चीत बसायचं, हे आधी लेखी ठरलेलं असावं. पर्यवेक्षकाने गर्दीसमोर आपल्याच माणसाला झापलं, तर नंतर कितीही समजूत काढा, उपयोग होत नाही.

कक्ष अधिकारी

ढिगाऱ्याचं गणित सांगतो. रांगांच्या गणिताचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम साधा आहे: हातातली सरासरी प्रकरणं म्हणजे रोज येणारी प्रकरणं गुणिले एकाला लागणारे सरासरी दिवस. रोज ४० अर्ज येतात आणि एकाला ६ दिवस लागतात, तर विभागात २४० अर्ज असणारच. त्यात आळस शोधू नका. ढीग १२० वर आणायचा तर वेळ ३ दिवसांवर यायला हवा, म्हणजे मधली एखादी सही किंवा फेरी काढावी लागेल. 'जोर लावा' म्हणून ती निघत नाही.

दर शुक्रवारी किती निकाली काढले हे मोजू नका, सर्वांत जुना अर्ज कोणत्या तारखेचा आहे ते बघा. निकाली संख्या मोजली की लोक सोपे अर्ज वेचून काढतात आणि अवघड तळाशी कुजतात.

आधीच्या प्रतिसादाला पुरवणी, निवृत्त अधीक्षक

सर्वांत जुन्या अर्जाचा आकडा बरोबर, पण फळ्यावर विभागाचा लावा, टेबलवार कधीच नको. टेबलवार लावला की ज्याच्याकडे किचकट प्रकरणं जातात तोच आळशी दिसतो. मग ती प्रकरणं घ्यायला कुणी तयार होत नाही.

आस्थापना

एकालाच येणारं काम म्हणजे त्या माणसाला रजा नाही आणि बाकीच्यांना धास्ती. तक्ता करा: उभ्या ओळीत कामं, आडव्या ओळीत माणसं, घरात ० ते ३. शून्य म्हणजे येत नाही, १ बघितलंय, २ सूचना वाचून जमतं, ३ दुसऱ्याला शिकवता येतं. ज्या कामापुढे एकच ३ आणि बाकी सगळी शून्यं, ते आधी घ्या. निवृत्तीच्या किमान तीन महिने आधी दुसऱ्याने ते काम स्वतःच्या हाताने करायचं, जुन्याने शेजारी बसायचं. उलट केलंत तर नवा नुसता मान डोलावतो.

लोक माहिती का दडवतात? तीच त्यांची पत असते. म्हणून कार्यपद्धतीच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि सुधारल्याची तारीख छापा. काहींची मूठ तरीही उघडत नाही, पण बऱ्याच जणांची उघडते.

कंत्राटी सहकाऱ्यांबद्दल दोनच गोष्टी. मुदतवाढ होणार की नाही हे निदान महिनाभर आधी लेखी कळवा; शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवलेला माणूस कामात मन घालणार कसा? आणि सहीचा अधिकार नसलेल्याकडून सहीची जबाबदारी घेऊ नका.

संगणक कक्ष

रजेवर जाताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं थांबवा. विभागाचा सामायिक पत्ता ठेवा, प्रत्येकाला स्वतःचा प्रवेश द्या. नाहीतर चुकीची नोंद कुणाच्या नावावर पडली यावरून भांडणं होतात. व्हॉट्सॲप गटावर कार्यालयीन वेळेनंतर निरोप नको; निकालाच्या दिवसांत कोण जागं राहणार याची पाळी आधी जाहीर करा, बाकीचे झोपू देत.

आस्थापनेतूनच आणखी एक

निनावी पाहणी घेणार असाल तर सहा-सात माणसांच्या कक्षाचे निकाल वेगळे दाखवू नका. 'महिला, १५ वर्षांहून जास्त सेवा' म्हटलं की नाव सांगायची गरजच उरत नाही. महिन्याभरात तीन याद्या लावा: काय बदलणार, काय नाही, आणि का नाही. उत्तर न देता दुसरी पाहणी घेतली की सगळे 'समाधानकारक'वर टिक करून मोकळे होतात.

परीक्षा विभाग (निकाल)

वरचं सगळं खरं, पण दहा जागांपैकी सहाच भरलेल्या असतील तर वह्या आणि तक्ते पुरत नाहीत. तेव्हा विभागप्रमुखाने 'हे काम आम्ही तूर्त थांबवतोय' असं वर लेखी कळवायला हवं, कोणतं काम ते नावानिशी. आमच्याकडे अशा यादीत बहुधा पहिलं येतं ते एकच माहिती तीन नमुन्यांत पाठवणं. आणि जादा कामाच्या बदली सुट्ट्यांच्या तारखा हंगाम सुरू होण्याआधी लिहून घ्या. निकाल लागल्यावर मागितल्या की पुढच्या प्रवेशांची गडबड आलेली असते.