प्रतिसाद: हाताने चालतं, क्रॉनमधून चालत नाही

बॅकअपची स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते पण क्रॉनमधून (लिनक्सवर ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) चालत नाही म्हणताय, तर नव्वद टक्के वेळा भानगड पाथची (कमांड कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्या पत्त्याची) असते. क्रॉन तुमच्या लॉगिन शेलची सेटिंग वाचतच नाही, त्यामुळे बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) टाकलेलं काहीच त्याला ठाऊक नसतं, सरळ प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ द्या आणि आउटपुट व एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा, म्हणजे अंधारात चाचपडायला नको.

फाइलच्या नावात तारीख टाकायला तुम्ही डेट कमांड थेट क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामं आणि वेळा लिहिलेली फाइल) ओळीत लिहिलीय ना? तिथे % म्हणजे नवी ओळ धरतात, त्यापुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. % च्या आधी बॅकस्लॅश (\) द्या, नाहीतर तो भाग स्क्रिप्टमध्येच हलवा (मी तेच करतो, कटकट नाही).

आणि टाइमझोन! क्लाउडचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतात. भारतात सोमवारी पहाटे 2 ला हवं असेल तर तिकडे रविवारचे 20:30 होतात, म्हणजे ओळ अशी: 30 20 * * 0 (मिनिट, तास, तारीख, महिना, वार; 0 म्हणजे रविवार). नुसता तास बदलला आणि वार तसाच ठेवला की काम मंगळवारी पहाटे होणार.

वर कुणीतरी सिस्टमडी टायमर (लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवायची क्रॉनऐवजीची सोय) सुचवलाय, त्याला माझा पाठिंबा. त्यातलं पर्सिस्टंट हे सेटिंग चालू ठेवलं की सर्व्हर बंद असताना हुकलेलं काम सुरू झाल्यावर होतं, आणि आधीचं काम चालू असेल तर तीच सर्व्हिस दुसऱ्यांदा सुरू होत नाही. क्रॉनवरच राहायचं असेल तर एफलॉक (एक काम चालू असताना तेच दुसऱ्यांदा सुरू होऊ न देणारी कमांड) लावाच.