राम नगरकर यांची कारकीर्द: एकपात्री कलावंत आणि चरित्र अभिनेता यांचा विचार एकत्र कसा करावा?

प्रश्न

आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या दिवाळी अंकासाठी मी राम नगरकर यांच्यावर लेख लिहीत आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले, वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके यांच्यासोबत रंगमंचावर उभे राहिलेले आणि पुढे स्वतःच्या आत्मकथनावरील 'रामनगरी' हा एकपात्री प्रयोग करणारे नगरकर मला फार मोठे कलावंत वाटतात. लेख लिहायला बसलो की मात्र अडतो. एकपात्री प्रयोगात संपूर्ण सभागृह एकट्याच्या बळावर धरून ठेवणारा हा माणूस चित्रपटांत बहुतेक वेळा छोट्या, पूरक, म्हणजे चरित्र अभिनेत्याच्या भूमिकांमध्ये दिसतो. १९८२ साली कांतिलाल राठोड यांनी 'रामनगरी'वर हिंदी चित्रपट काढला, तेव्हा नायकाची भूमिका अमोल पालेकर यांनी केली. म्हणजे ज्याचे आयुष्य पडद्यावर आले, त्याची मुख्य भूमिका दुसऱ्याकडे गेली. ही कारकीर्द अर्धवट राहिली असे लिहिणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

अर्धवट हा शब्द कृपया वापरू नये. नायकाची भूमिका हेच अभिनयाचे शिखर, असे आपण नकळत गृहीत धरले आहे. कलापथकातून आलेल्या पिढीला हे माप लागूच पडत नाही. त्याच सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आले. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून त्यांची चित्रपटातील वाटचाल सुरू झाली आणि त्यांचे नाव झाले ते प्रामुख्याने खलभूमिका व चरित्र भूमिकांमुळेच. त्यांना कोणी अर्धवट म्हणत नाही.

आपल्याकडे एकट्याने लोकांना हसवण्याची परंपराही मोठी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनासाठी महाराष्ट्रभर फिरले. त्याच काळात पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. नगरकरांचे वेगळेपण असे की ते इतरांचे किस्से सांगण्याऐवजी स्वतःच्या नाभिक घरातले, दुकानातले आणि त्या व्यवसायामुळे वाट्याला आलेल्या मानापमानाचे प्रसंग सांगत. त्या काळी जातीविषयी इतक्या मोकळेपणाने, कडवटपणा न आणता आणि तरीही काहीही न लपवता बोलणे सोपे नव्हते. माझ्या मते आपल्या लेखाचा केंद्रबिंदू हा असावा. भूमिकांची यादी त्यानंतर येऊ द्यावी.

प्रतिसाद २

मी स्वतः बावीस वर्षे एकपात्री प्रयोग करतो, त्यातली बरीच वर्षे गणेशोत्सवातल्या सुपाऱ्यांवर, म्हणजे मानधन ठरवून मिळणाऱ्या प्रयोगांवर, गेली, आणि अधूनमधून मालिका-चित्रपटांत छोटी कामेही करतो. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला आतून ठाऊक आहेत. लोक समजतात की ही दोन वेगळी कामे आहेत. माझ्या अनुभवात ते एकच काम आहे, फक्त अंतर बदलते.

एकपात्रीत सासू उभी करायची असेल तर माझ्याजवळ तिच्यासाठी दोन-तीन वाक्यांपलीकडे वेळ नसतो, कारण लगेच सासरा बोलणार असतो. म्हणून मी तिचे एकच लक्षण पकडतो. माझी सासू बोलण्याआधी पदर खांद्यावर ओढून घेते आणि मान किंचित डावीकडे करते. सासरा उजवीकडे पाहून बोलतो. दोघांच्या नजरा हवेत ज्या बिंदूवर भेटतात तो बिंदू वीतभर जरी सरकला, तरी तिसऱ्या रांगेतला प्रेक्षक गोंधळतो आणि हशा येत नाही. चरित्र अभिनेत्याला हेच करावे लागते. त्याच्या वाट्याला दोन प्रसंग येतात आणि तेवढ्यात प्रेक्षकाला तो तलाठी किंवा तो हवालदार जन्मभर ओळखीचा वाटला पाहिजे. ज्याला पन्नास माणसे दोन-दोन वाक्यांत उभी करण्याची सवय आहे, त्याला अशी भूमिका लहान वाटत नाही.

अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर मी तलाठ्याचे काम केले तेव्हा माझी तीन वाक्ये होती. मी पहिले वाक्य म्हटले आणि सवयीने थांबलो, कारण रंगमंचावर तिथे लाफ्टर येतो आणि तो ओसरू लागला की पुढचे वाक्य घ्यायचे असते. सेटवर अर्थातच शांतता होती. त्या शांततेत माझी मान, भुवया, आवाज असे सगळेच वाढत गेले. दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन समजावले की शेवटच्या रांगेसाठी बोलू नका, समोरच्या माणसाशी बोला. हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली. नगरकरांसारखे ज्येष्ठ कलावंत ज्या काळात दोन्हीकडे वावरत, त्या काळी हे शिकवणारी कार्यशाळा नव्हती. त्यांनी ते कसे साधले, याचा शोध आपण अवश्य घ्यावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण पोटापाण्याची बाजू राहून गेली. एकपात्री कलावंताला प्रत्येक प्रयोगाची नाइट, म्हणजे ठरलेले मानधन, मिळते आणि खर्च कमी असतो: एक माणूस, एक खुर्ची, फार तर ध्वनी पाहणारा एक सहकारी. त्यामुळे जिथे नाटकाचा ट्रक जात नाही तिथे तो एसटीने पोहोचतो. उलट तो आजारी पडला की सगळेच थांबते, कारण त्याच्या जागी उभे राहणारे कोणी नसते. पूरक भूमिकांची कामे अशा वेळी आधार देतात आणि चेहरा लोकांसमोर ठेवतात. म्हणून त्या कामांकडे तडजोड म्हणून पाहू नये.

प्रयोग कलावंतासोबतच संपतो का, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रे रंगवत. २००९ साली ते गेले, पण मराठवाड्यातलेच संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे सुरू ठेवला, आणि पाठक हे स्वतः चित्रपटांतले कसलेले चरित्र अभिनेते आहेत. आज दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांतून हीच वाट रुंद झाली आहे. भाऊ कदम यांनी 'टाइमपास'मध्ये केलेला नायकाचा बाप आठवून पाहा. हसवणारा म्हणून माहीत असलेला माणूस तिथे मुलाच्या काळजीने कासावीस होतो आणि आपल्याला ते खोटे वाटत नाही.

'रामनगरी' मात्र नगरकरांच्या स्वतःच्या आयुष्याशी इतकी जोडलेली आहे की दुसऱ्या कोणी ती सांगणे अवघड आहे. अमोल पालेकर यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु चित्रपटातला नायक ती गोष्ट जगून दाखवतो, तर रंगमंचावर नगरकर ती आठवून सांगत. सांगणारा आणि सोसणारा एकच असल्याचा जो परिणाम प्रयोगात होई, तो चित्रपटात येणे शक्यच नव्हते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. 'अर्धवट' हा शब्द मी काढून टाकला आहे. लेखाची सुरुवात आता चित्रपटांनी न करता केशकर्तनाच्या दुकानातल्या प्रसंगांनी करीन. आमच्या गावात 'रामनगरी'चा प्रयोग पाहिलेले तीन ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांना कोणती वाक्ये आठवतात यापेक्षा नगरकर कुठे थांबत, कोणाकडे पाहत आणि हशा कसा ओसरू देत, हे मी या रविवारी विचारणार आहे.