बारावा पिक हातात आहे: तरुण क्वार्टरबॅक घ्यावा की टॅकल?

चौथा_डाउन
संघाचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा प्रशिक्षकाला शिव्या घालण्यातच संपेल. समजा एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) एका संघाकडे ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीचा १२वा पिक (निवडीची पाळी) आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) ३६ वर्षांचा, करार अजून दोन वर्षं. बचाव चांगला, पण लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा) यंदा करार संपून फ्री एजंट होऊन जाणार. ड्राफ्टमध्ये एक पोरगा आहे: हात जबरदस्त, पळतोही, पण कॉलेजात जेमतेम १३ स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेले सामने). तो बाराव्यापर्यंत उरणार नाही, दुसऱ्या संघाशी सौदा करून तिसऱ्या पिकपर्यंत वर जावं लागेल. जावं का? की १२वर टॅकल घेऊन क्वार्टरबॅक पुढच्या वर्षावर ढकलावा?

कॅपवाला
वयाचं नंतर बघू, आधी करार बघा. २०१० मध्ये पहिल्या पिकवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा कामगार करार झाला आणि त्याच पिकवरचा कॅम न्यूटन चार वर्षांच्या साधारण २.२ कोटींत आला. आज डॅक प्रेस्कॉटसारख्या मुरलेल्या क्वार्टरबॅकला वर्षाला ६ कोटी मोजावे लागतात. म्हणजे नवखा स्वस्त आहे तोवर वाचलेला पैसा लाइनवर (क्वार्टरबॅकला राखणारी फळी) आणि पास रशरवर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घालायचा. खरा फायदा एवढाच.

आता त्याला दोन वर्षं बाकावर बसवलंत तर यातली निम्मी स्वस्त वर्षं वाया. शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा पर्याय (चार वर्षांचा करार संघाने एक वर्ष वाढवणं) तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत उचलावा लागतो, आणि २०२०च्या करारापासून तो उचलला की पूर्ण रक्कम हमीची होते. दोन वर्षं बसलेल्याचा निर्णय तुम्ही एका हंगामाच्या टेपवर (सामन्यांच्या चित्रफितींवर) घेणार. पॅकर्सनी क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला तीन वर्षं बसवलं आणि २०२३ मध्ये पर्याय न उचलता एका वर्षाची छोटी मुदतवाढ देऊन वेळ मारून नेली. तो चांगला निघाला, मग लगेच २०२४ मध्ये चार वर्षांचे २२ कोटी द्यावे लागले.

म्हाताऱ्याचा करार नीट वाचा. त्याला मध्येच सोडलंत तर साइनिंग बोनसचा न फेडलेला भाग डेड कॅप (खेळाडू गेला तरी संघाच्या पगार-मर्यादेत मोजला जाणारा खर्च) म्हणून अंगावर येतो. १ जूननंतर सोडल्यास तो दोन वर्षांत विभागता येतो, पण माफ होत नाही.

टेपकिडा
१३ स्टार्ट हा आकडा हसण्यावारी नेऊ नका. क्वार्टरबॅक ट्रुबिस्कीचे कॉलेजात १३, अँथनी रिचर्डसनचेही १३. इतक्या कमी सामन्यांत बचाव त्याच्यासाठी खास योजना आखून आलाय आणि त्याने उत्तर शोधलंय, असे प्रसंगच फार नसतात.

एकूण कंप्लीशन टक्केवारी (किती फेकी झेलल्या गेल्या) बाजूला ठेवा, स्क्रीन आणि आरपीओसारख्या सोप्या, छोट्या फेकी तिला फुगवतात. ते वगळून बघा: तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि सातहून जास्त यार्ड हवे असताना काय करतो? मैदानाच्या मधोमध, १० ते २० यार्डांत फेकतो का, की फक्त कडेला? पहिला रीड (ज्याच्याकडे आधी बघायचं तो खेळाडू) बंद झाला की दुसऱ्याकडे पाय वळतात, की नुसती मान? आणि दडपण आलेल्या स्नॅपपैकी (खेळींपैकी) किती सॅकमध्ये (चेंडू फेकण्याआधीच पाडला जाणं) संपतात? ही शेवटची सवय कॉलेजातून बरोबर येते. सॅकचं खापर नेहमी लाइनवर फोडतात, ते अर्धंच खरं.

"जॉश ॲलनही कच्चाच होता" हे कोणीतरी म्हणेलच. २०१८ मध्ये कंप्लीशन ५२.८ टक्के, २०२० मध्ये ६९.२, मान्य. पण मधल्या काळात त्याच्या पायांवर काम झालं, २०२० मध्ये रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) स्टेफॉन डिग्ज आला, आणि तो पहिल्या वर्षापासून खेळत होता. एवढी उडी मारणारे किती, तेही मोजा.

सौदागर
१२वरून ३वर? हा सौदा होऊन गेलाय. २०२१ मध्ये फोर्टीनाइनर्सनी १२वा पिक, २०२२ आणि २०२३ची पहिली फेरी, वर एक तिसऱ्या फेरीचा पिक मायामीला दिला आणि तिसऱ्या पिकवर क्वार्टरबॅक ट्रे लान्स घेतला. त्यांच्यासाठी त्याचे चार स्टार्ट झाले, मग डॅलसकडून चौथ्या फेरीचा एक पिक घेऊन सोडून दिला. पुढे २६२व्या, म्हणजे शेवटच्या पिकवरच्या क्वार्टरबॅक पर्डीने वाचवलं. ते नशीब, त्याला धोरण म्हणू नका.

पिकची किंमत गुणांत मांडणाऱ्या जुन्या जिमी जॉन्सन तक्त्यात तिसऱ्या पिकचे २२०० गुण, बाराव्याचे १२००. फरक १०००, म्हणजे जवळपास १६व्या पिकएवढा. पण पलीकडच्याला कळलं की तुम्हाला क्वार्टरबॅकच हवाय, की तक्ता गुंडाळून ठेवतात. २०१७ मध्ये चीफ्स २७वरून १०वर गेले ते तिसरी फेरी आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी देऊन. शिवाय मुरलेला क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ होता, म्हणून त्या पिकवर घेतलेल्या महोम्सला उतरवायची घाई नव्हती.

सगळ्यात घातक म्हणजे पुढच्या वर्षीची पहिली फेरी. पँथर्सनी २०२३ मध्ये क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी ती बेअर्सना दिली, शिवाय डीजे मूर हा रिसीव्हरही. मग २ विजय, १५ पराभव, आणि तो पिक थेट पहिला क्रमांक होऊन बेअर्सकडे गेला. इकडे पँथर्समध्ये यंगला ६२ सॅक.

चौथा_डाउन
मग १२वर टॅकल आणि दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक?

कॅपवाला
दुसऱ्या फेरीतल्याला पाचव्या वर्षाचा पर्याय नसतो. रेव्हन्सनी २०१८ मध्ये वर येऊन ३२व्या पिकवर क्वार्टरबॅक लमार जॅक्सन घेतला, त्यात हाही हिशेब होता. पोरगा आवडलाच असेल तर पहिल्या फेरीच्या शेवटी परत घुसा. तिथला दर तिसऱ्या पिकच्या मानाने काहीच नाही.

टेपकिडा
माझं मत: टॅकल. २००२ मध्ये टेक्सन्सनी नव्या संघात पहिल्याच पिकवर डेव्हिड कार घेतला आणि त्याला ७६ सॅक बसले. लाइन नसताना नवखा पॉकेटमध्ये थांबायचंच विसरतो, रश आधी बघतो आणि रिसीव्हर नंतर. ती खोड मोडायला वर्षं जातात.

तरी या पोराला आवारात बोलवायला हरकत नाही, संघाला ड्राफ्टआधी अशा ३० भेटींची मुभा असतेच. सकाळी तीन-चार प्ले (खेळी) प्रोटेक्शनसकट (कोण कोणाला अडवणार) शिकवा, जेवणानंतर दुसराच विषय काढा आणि संध्याकाळी तेच फळ्यावर काढायला सांगा. ब्लिट्झ (बचावाच्या जादा खेळाडूंची धाव) आल्यावर गरम रिसीव्हर (ज्याला झटपट चेंडू द्यायचा तो) कोण, हे न अडखळता सांगितलं तर यादीत वर न्या. पण सौद्याची हद्द पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या अलीकडेच.