मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच का?

वर विचारलंय, नाताळात दारावर टांगतात ते मिसलटो म्हणजे आपलं आंब्यावरचं बांडगूळच का? तेच नव्हे, पण भाऊबंद नक्की. दोन्ही चंदनाच्या गणातली (चंदनही अर्धपरजीवीच, म्हणजे निम्मं दुसऱ्या झाडावर जगणारं, फक्त जमिनीखाली चोरी करतं!). पानं हिरवी, म्हणजे अन्न स्वतः शिजवतात. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाचे.

इंग्लंडमध्ये मिसलटो सफरचंदाच्या बागांत माजतं. टेनबरी वेल्स या गावी नाताळाआधी त्याच्या जुड्यांचा लिलाव होतो. पांढरी फळं भयंकर चिकट. पक्षी चोच फांदीला घासतो आणि बी तिथंच डकतं. आपल्याकडे हे काम फुलटोच्या पक्षी करतो, फक्त चोचीऐवजी बूड घासून.

तिकडे टांगलेल्या मिसलटोखाली चुंबन घ्यायची प्रथा, इकडे ‘बांडगूळ’ ही शिवी!